शर्यतीची गाडी घरी आणताना: जुन्या रेस कारची रस्त्यावर चालणारी हॉट रॉड कशी करावी

गाडी बघायला जाताना पान्यांचा डबा घरी राहिला तरी चालेल. मऊ पेन्सिल, पातळ कागद आणि डिझेलमध्ये भिजवलेला बोळा मात्र बरोबर हवा. बॉनेट उघडा. इंजिनमागच्या उभ्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, चासी नंबर ठोकलेला असतो. तो बोळ्याने पुसा, कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो, तसंच. काळ्यावर पांढरे आकडे उमटले आणि एकेक आकडा आरसीशी जुळला, की मग किमतीची बोलणी. तिथे सॅण्डपेपर अजिबात लावू नका. घासलेला नंबर आरटीओच्या नजरेत खाडाखोड केलेला नंबर ठरतो.

माझी गाडी १९९६ ची मारुती एस्टीम. पुणे पासिंगची, ऑटोक्रॉसच्या मातीत पळालेली आणि नंतर कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी असलेली. तिच्या नंबरातले दोन आकडे काही केल्या छापात उमटेनात. आधीच्या कुणीतरी फायरवॉलच्या शिवणीवर वेल्डिंगचे टाके मारून वरून पुट्टी ओढली होती. ती पुट्टी आधी नखाने, मग लाकडाच्या चपट्या काडीने काढण्यात अख्खी दुपार गेली. खाली आकडे शाबूत निघाले म्हणून ती गाडी आज सांगलीच्या रस्त्यावर आहे. निघाले नसते तर फुकट दिली तरी मी ती घेतली नसती.

हॉट रॉड म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर कर्कश सायलेन्सर आणि बॉनेटवर रंगवलेल्या ज्वाळा येतात. मुळातली गोष्ट निराळी आहे आणि फार सुंदर आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात म्युरॉकसारख्या वाळलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. घरून गाडी चालवत जायचं, तिथे मडगार्ड, दिवे, पुढची काच उतरवायची, घड्याळ लावून पळवायची आणि संध्याकाळी सगळं परत जोडून त्याच गाडीने घरी यायचं. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं आणि या वेडाला जोर चढला. पुढे १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी केली. तेव्हा माझ्या लेखी हॉट रॉड म्हणजे शर्यतीला जाऊन स्वतःच्या चाकांवर घरी येणारी गाडी. आपल्याला करायचंय ते हेच, मडगार्ड आणि दिवे परत जोडण्याचं काम. फक्त इथे गाडी वीस-पंचवीस वर्षं तळ्यावरच राहून गेलेली असते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हे वाचून बरेच जण नाद सोडतात. मी उलट आरसी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात काय लिहिलंय? चासी नंबर, इंजिन नंबर, क्युबिक कपॅसिटी, इंधन, आसनक्षमता, बॉडीचा प्रकार, वजन, रंग. हेच माझं ड्रॉइंग झालं. या चौकटीत बसतं ते ठेवायचं, बाहेर जातं ते काढायचं. बॅलन्स केलेला क्रँक, नीट पॉलिश केलेले पोर्ट, नेटकं वायरिंग, तेज स्टिअरिंग यांतलं काहीही या चौकटीला धक्का लावत नाही. गाडी चालवणाऱ्याला जो फरक जाणवतो तो बहुतेक इथूनच येतो.

एक गैरसमज वारंवार ऐकतो, की गाडी विंटेज म्हणून नोंदवली की सगळं माफ. तसं नाही. २०२१ च्या विंटेज नियमांना गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, शिवाय ती रोजच्या वापराला चालत नाही. हॉट रॉडचा तो रस्ताच नव्हे. आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी सरसकट भंगारात, हा नियम दिल्ली परिसराचा; महाराष्ट्रात तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते.

कुठली गाडी घ्यावी

सर्किटवर पळालेली आणि रॅलीत पळालेली, यांत आपल्या कामाला रॅलीची बरी. रॅलीत एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याला सार्वजनिक रस्त्यानेच जावं लागतं, म्हणून त्या गाडीची आरसी, दिवे, हॉर्न जिवंत असण्याची शक्यता मोठी. श्रीपेरंबुदूरजवळच्या मद्रास ट्रॅकवर किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर आयुष्य काढलेली गाडी ट्रेलरवरून यायची आणि ट्रेलरवरून जायची. तिची नोंदणी अनेकदा रद्द झालेली असते, किंवा कागद कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं. नोंदणी नसलेलं मोकळं शेल, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा, रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य आहे. तशी गाडी ट्रॅकसाठीच ठेवा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का ते पाहा. बोजा असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वर तिथल्या कार्यालयाची एनओसी आधी हवी. माल हातात आल्यावर एनओसीसाठी दोन वर्षं खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

इंजिन नंबरही असाच पेन्सिलने घ्या. शर्यतीत इंजिनं बदलतात, बोलताना कुणी सांगत नाही. इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढवून घ्यावं लागतं. कायद्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. मूळ ब्लॉक शेडच्या कोपऱ्यात पडलेला असेल तर तोही सौद्यात मागून घ्या.

आणि गाडी फ्लॅटबेडवर घालून आणा. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी दोरीने ओढत मिरज रोडवरून आणणं म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं पणाला लावणं.

सुतळी, ओळंबा आणि खडू

गाडी आली की हात लगेच इंजिनकडे वळतो. तो आवरा. आधी सांगाडा सरळ आहे का ते बघायचं. माझ्याबरोबर काम करणारे मिस्त्री जुने, बोलणं कमी. गाडी स्टँडवर चढवली तेव्हा एवढंच म्हणाले, "दादा, सुतळी आणा. बाकीचं मागनं बघू."

पद्धत अशी. सपाट फरशीवर गाडी चार स्टँडवर घ्या. पुढच्या लोअर आर्मचे दोन्ही बाजूंचे बोल्ट आणि मागच्या सस्पेन्शनचे तेच बोल्ट, अशा चार जागांवरून गवंड्याचा ओळंबा सोडा. ओळंबा स्थिर झाला की टोकाखाली फरशीवर खडूने फुली. मग गाडी बाजूला घेऊन फुल्यांमधलं अंतर टेपने मोजा: दोन लांब्या, दोन रुंद्या, आणि मुख्य म्हणजे दोन कर्ण. कर्ण सारखे तर सांगाडा चौकोनात. आमच्या एस्टीमला कर्णांत ४ मिमीचा फरक आला, तो चालण्याजोगा. एक-दीड सेंटीमीटर आला असता तर गाडी कधीतरी जोरात आदळली आहे असं समजून फ्रेम मशीनवर न्यावी लागली असती.

त्यानंतर स्ट्रट टॉवर. शॉकॉब्सॉर्बर वर जिथे बोल्टने बसतो तो पत्र्याचा घुमट मातीतल्या उड्यांनी तडकतो. तड केसाएवढी असते आणि रंगाखाली दिसत नाही. रंग तारेच्या ब्रशने काढा, डिझेलचा हात फिरवा, कोरडं पुसा, वर खडूची भुकटी लावा. तड असेल तर आत मुरलेलं डिझेल दहा-पंधरा मिनिटांत खडूवर रेघ काढतं. आमच्या डाव्या टॉवरवर दोन बोटं लांबीची रेघ उमटली. तडेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, मधे वेल्ड भरून, खालून प्लेट दिली. नुसतं वरून वेल्ड ओढलं तर तड टोकापासून पुढे पळते.

सांगलीचा म्हणून एक जादा मुद्दा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी शहरात किती आत आलं होतं ते आपण पाहिलंय. गाडी या भागात उभी होती म्हणाले, की कार्पेटखालची जमीन, दरवाज्यांचे तळ आणि सिल (दाराखालची पोकळ पट्टी) यांच्यातून गाळ निघतो का ते बघा. सिलच्या पाणी निचऱ्याच्या भोकातून तार घालून बाहेर काढा. तारेच्या टोकाला बारीक पिवळसर माती लागली तर आतून गंज चालू आहे.

रोल केज: माझं मत ठाम आहे

या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद होतो. शर्यतीत केज, म्हणजे गाडीच्या आत उभारलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा, जीव वाचवतो. एफआयएच्या, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, नियमावलीत मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची ओढीव सीमलेस नळी लागते, आणि पाय रोवायला ३ मिमी जाडीच्या प्लेटा. पण ती सगळी रचना हेल्मेट घातलेल्या, पाच-सहा पट्ट्यांनी सीटला जखडलेल्या माणसासाठी आहे. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही आणि तीन-बिंदू पट्ट्यात शरीर पुढे झुकतंच. डोक्यापासून वितभर अंतरावर पोलादी नळी असेल तर एरवी मुका मार लागून सुटला असता असा धक्का कवटीवर येतो. वर फोम गुंडाळून हे भागत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. आरसीत पाच आसनं आहेत, तर मागचं सीट हवं, आणि मागच्या कमानीचे तिरके पाय तिथूनच जातात.

म्हणून केज पूर्ण काढा. कापण्याआधी पेट्रोल टाकी, बॅटरी आणि सगळं रबर-फोम गाडीबाहेर. शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक. नळी पायापासून बोटभर वर कापा, उरलेला खुंट ग्राइंडरने हळूहळू खाली आणा. एकाच जागी ग्राइंडर धरून ठेवला तर जमिनीचा पत्रा तापून लाटा घेतो. पायाखालच्या प्लेटा राहू द्या, त्या काढताना मूळ पत्रा फाटतो. मात्र केज बसवताना डॅशबोर्डमागची मूळ आडवी पट्टी किंवा दाराच्या खांबाचा आतला पत्रा कुणी कापला आहे का ते नीट तपासा. कापला असेल तर दुसऱ्या गाडीचा तो भाग आणून, मूळ जागी स्पॉट वेल्ड करून परत बसवावा लागतो. केजने घेतलेलं बळ शेलला परत दिल्याशिवाय ती गाडी रस्त्याची नाही.

रेसिंग हार्नेस, म्हणजे ते पाच-सहा पट्टे, तोही गेलाच. केज नसताना तो लावला आणि गाडी उलटली, छत खाली आलं, तर माणसाला बाजूला कलंडायला जागाच उरत नाही. मूळ तीन-बिंदू पट्टे, मूळ माउंटिंगवर.

इंजिन: थोडं उतरवून

एस्टीमचं इंजिन १,२९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५. म्हणजे एका सिलिंडरचा मारा सुमारे ३२५ सीसी. शर्यतीसाठी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून घासून कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वाढवलेलं असतं. ते किती आहे हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. हेड उलटं सपाट ठेवा, प्लग बसवा, व्हॉल्व बंद. चेंबरच्या कडेला ग्रीस लावून भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवा. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा आणि भोकातून पातळ तेल सोडत जा, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. किती सीसी मावलं ते चेंबरचं माप. त्यात गॅस्केटची जागा आणि पिस्टन वर असताना राहणारी पोकळी मिळवा. आमची बेरीज ३१ आली. ३२५ भागिले ३१, अधिक १: जवळपास साडेअकरा. ट्रॅकवरच्या जास्त ऑक्टेनच्या इंधनाला हे शोभतं. मे महिन्यात, चाळिशीच्या उन्हात, तासगाव रोडच्या चढावर साध्या पेट्रोलवर हेच इंजिन खडखडायला लागतं, आणि ती खडखड पिस्टनला भोक पाडते.

साडेनवावर यायचं तर बेरीज ३८ च्या आसपास हवी, म्हणजे ७ सीसी जास्त. जाड गॅस्केट घालून हे करायला कुणीतरी सुचवेलच. ७४ मिमी बोअरला १ मिमी जाडी म्हणजे साधारण ४.३ सीसी, ७ साठी सुमारे १.६ मिमी जादा गॅस्केट लागेल. एवढं जाड गॅस्केट टिकत नाही आणि ज्वलनही बिघडवतं. मूळ मापाचं, न घासलेलं हेड शोधा. आम्हाला ते जुन्या बाजारात मिळालं, आणि शर्यतीच्या हेडवर केलेलं पोर्टचं काम पाहून पाहून नव्यावर तितकंच, बेताने केलं.

कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, तोही मूळ घाला. शर्यतीचा कॅम ५,००० च्या पुढे गातो, पण विश्रामबागच्या सिग्नलला इंजिन दीड-दोन हजारावर धडधडत ठेवावं लागतं. त्याहून गंभीर म्हणजे लांब उघडीप असलेल्या कॅमने आयडलिंगला व्हॅक्यूम पडतं. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. पाय दाबला आणि पेडल दगडासारखं लागलं, असं गर्दीत होतं.

दोन साइडड्राफ्ट कार्बोरेटर उतरवून मूळचा एक परत बसवताना मला खरंच वाईट वाटलं. पण पीयूसीचं गणित समोर होतं. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. स्टेज-२ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. मूळ कार्बोरेटर नीट लावला की जुनी मर्यादा आरामात जमते. मिश्रणाचा स्क्रू फिरवताना मिस्त्री डोळे मिटून उभे होते. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडी कणाकणाने घासत सूर उघडा होण्याची वाट बघतात, तसंच. पाव वळसा आत, पाव बाहेर, आणि एका जागी इंजिन एकदम गुळगुळीत बोललं.

पेट्रोलच्या रबरी नळ्या एकूणएक नव्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि आतून सुटतं. इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या, कार्बोरेटरचे डायफ्रॅम आणि वॉशरही बदला. शर्यतीची फोम भरलेली टाकी असेल तर तिच्या आतला स्पंज भुगा होऊन जेट तुंबवतो. ती काढून मूळ टाकी मूळ जागी.

शर्यतीत वजन वाचवायला रेडिएटरचा पंखा आणि थर्मोस्टॅट काढलेले असतात, कारण तिथे वारा कायम मिळतो. ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमागे अर्धा तास रांगेत उभं राहून बघा. दोन्ही परत बसवा, पंख्याचा स्विचही नवा. सायलेन्सर पूर्ण, मधल्या डब्यासकट. आवाज भारदस्त असू शकतो, फटाके फोडणारा नको.

ब्रेक, चाकं, स्टिअरिंग

माझ्या हातून झालेली चूक इथली आहे. ब्रेकचे रेसिंग पॅड भरपूर शिल्लक होते, म्हणून तेच ठेवले. पहिल्या सकाळी माधवनगर रोडला जेमतेम चाळीसच्या वेगात होतो, पुढची ऊसाची ट्रॉली थांबली, मी पेडल दाबलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी नुसती हळू होत राहिली. डांबराच्या कडेला उतरवली म्हणून वाचलो. रेसिंग पॅडला धरायला उष्णता लागते. थंड असताना तो काचेसारखा घसरतो. त्याच दिवशी साधे कंपनीचे पॅड घातले, डिस्क फेस केल्या, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग उतरवा, मधे गार व्हायला वेळ द्या. तोपर्यंत गावात नेऊ नका.

शर्यतीसाठी बूस्टर काढून दोन मास्टर सिलिंडर आणि बॅलन्स बार बसवलेला असेल तर मूळ बूस्टर आणि मूळ मास्टर सिलिंडर परत. हायड्रॉलिक हँडब्रेक काढून केबलचा मूळ बसवा. हायड्रॉलिकचा दाब रात्रभरात उतरतो आणि उतारावर लावलेली गाडी सकाळी जागेवर नसते.

डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, वेल्ड करून जाम केलेलं असेल तर ते पूर्ण बदलायचं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जाम डिफरन्शियल ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढून नेतं. सस्पेन्शनमधले ‘रोज जॉइंट’ नावाचे धातूचे सांधे काढून रबरी बुश घाला, नाहीतर प्रत्येक खड्डा थेट टॉवरवर जातो, आणि तिथे आधीच वेल्ड आहे. उंची मूळच्या आसपास ठेवा. आमच्याकडचे गतिरोधक कुणी मोजून बांधलेले नाहीत. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा कल, शर्यतीला तीन-तीन अंश आत कललेला असतो, तो मॅन्युअलप्रमाणे करून घ्या.

टायर मॅन्युअलातल्या मापाचे, मडगार्डबाहेर न येणारे. बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. शर्यतीचे स्लिक तर नाहीच.

आत आणि बाहेर

मागचं सीट, पाच पट्टे, दोन्ही बाजूंचे आरसे, वायपर, हॉर्न, हॅझर्ड, नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा. स्पीडोमीटर विसरू नका. शर्यतीच्या गाडीत फक्त आरपीएमचं मोठं घड्याळ असतं, कायद्याला स्पीडोमीटर लागतो. झटक्यात निघणारं स्टिअरिंग काढून लॉकसकट मूळ कॉलम. हेडलाइटच्या जागी हवेचा बोगदा केलेला असेल तर दिवे परत. पॉलिकार्बोनेटच्या खिडक्या जातील आणि खरी सेफ्टी ग्लास येईल, पुढची लॅमिनेटेड. प्रकाश पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के आरपार जायला हवा, वर फिल्म नको.

वायरिंगवर पैसे वाचवू नका. शर्यतीची गाडी म्हणजे दहा जणांनी घाईत मारलेल्या दहा गाठी. सगळं उपटून तारांचा नवा जुडगा, प्रत्येक मोठ्या भाराला रिले आणि स्वतंत्र फ्यूज. बॅटरीचा मेन कट-ऑफ स्विच मात्र मी ठेवला आहे. आग लागण्याची शक्यता कमी करणारी शर्यतीतली ती वस्तू रस्त्यावरही तितकीच कामाची.

रंगाबद्दल: आरसीत पांढरा आहे तर पांढरा. दुसरा हवा असेल तर आधी आरटीओत अर्ज. आमच्या दारांवरचे स्पर्धेचे आकडे हीट गनने काढल्यावर खाली रंगाचा उजळ गोल राहिला. सगळी गाडी रंगवली, पण डाव्या दाराच्या आतल्या कडेला त्या गोलाची बोटभर कड तशीच ठेवली. दार उघडलं की दिसते.

पुन्हा कागद

नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधी ६० दिवसांत. मुदत उलटून गेली असेल तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क धरलं जातं, म्हणून दहा वर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीचा हा आकडा सौद्याआधीच कार्यालयात विचारून घ्या आणि किमतीतून वजा करा. नूतनीकरणाची फी २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर.

क्रम मी असा ठेवला: आधी विमा, मग पीयूसी, मग तपासणी. विमा कंपनीला गाडीचा इतिहास लेखी सांगा. साध्या पॉलिसीत शर्यतीत झालेलं नुकसान धरत नाहीत, आणि लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते. उच्च सुरक्षा नंबर प्लेट जुन्या गाड्यांनाही लागते. तपासणीला जाताना चासी आणि इंजिन नंबरचे पेन्सिलचे छाप, बदललेल्या भागांची बिलं आणि काढलेल्या केजचे फोटो एका फाइलमध्ये न्या. तपासणाऱ्या माणसाला जुन्या वेल्डच्या खुणा दिसतातच. त्याने विचारण्याआधी दाखवल्या की संशय उरत नाही. आमच्या वेळी साहेबांनी बॉनेटखाली वाकून नंबर स्वतः बोटाने चाचपला आणि मग सही केली.

पहिले हजार किलोमीटर

पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, घराभोवतीच. मग वीस. मग मिरजेहून दंडोबाच्या बाजूला सकाळी लवकर जाऊन परत. इंजिन उघडलेलं असेल तर पहिल्या हजारात ते ताणू नका, पण एकाच वेगातही धरून ठेवू नका. रिंगा बसायला भार कमी-जास्त व्हावा लागतो. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट आणि एक्झॉस्टचे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघा. पाचशेला इंजिन ऑइल बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या ताटात ओतून उन्हात धरा. बारीक राखाडी चमक पहिल्या वेळी चालते, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत.

आणि रोज रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा, फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. सकाळी तो ओढून काढा. तपकिरी काळा ठिपका इंजिन ऑइलचा, बहुधा खालच्या पॅनच्या गॅस्केटचा. हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग कूलंटचा, पाइपचे क्लॅम्प आवळा. पेट्रोलचा डाग राहत नाही, पण पुठ्ठ्याला नाक लावलं की वास कळतो. आणि चाकाच्या आतल्या बाजूला, बोटाला बुळबुळीत लागणारा, जवळजवळ रंगहीन असा ओलावा दिसला तर तो ब्रेक ऑइलचा. त्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही, चाक काढायचं.